पहिली पंधरा मिनिटं सहप्रवाशांची

आजचा विषय जड आहे, पण आपल्या कामाचा आहे. रेल्वेत किंवा बसमध्ये दहशतवादी हल्ला झाला तर साधी माणसं काय करतात, आणि आपण काय करू शकतो?

‘हे मुंबईचं झालं, आपल्याले काय करा लागते?’ असं अकोल्या-अमरावतीत कोणी म्हणेल. पण बाप्पा, आपली अमरावती एक्सप्रेस अन् विदर्भ एक्सप्रेस बडनेरा, अकोला करत शेवटी सीएसएमटीलाच जातात. पोरगा किंवा पोरगी मुंबईत नोकरीला असलेली घरं आपल्याकडे काही कमी नाहीत.

११ जुलै २००६. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास, अवघ्या ११ मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली, शेकडो जखमी झाली. आधी कोण धावलं? डब्यात वाचलेले प्रवासी आणि रुळांच्या कडेला राहणारी माणसं. स्ट्रेचर नव्हतं, तर घरातल्या चादरींत घालून जखमींना उचललं. रिक्षा, टॅक्सी, जे मिळेल त्यातून दवाखान्यात नेलं. रक्त द्यायला रांगा लागल्या.

त्याच्या आदल्या वर्षी, ७ जुलै २००५ ला लंडनमध्ये भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्फोट झाले, ५२ माणसं मेली. तिथंही हेच दिसलं. बस फुटली ती डॉक्टरांच्या संघटनेच्या इमारतीसमोर; आतले डॉक्टर तसेच बाहेर धावले.

आणि २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र तर आठवतेच. सीएसटीवर लांबच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्या लोकांवर गोळीबार झाला, ५० हून अधिक माणसं मारली गेली. तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून हलले नाहीत. माईकवरून लोकांना मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगत राहिले. त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं, रोजचंच काम होतं. त्यानं कितीतरी जण वाचले.

यातून मला एवढंच सांगायचं आहे, की पहिली दहा-पंधरा मिनिटं मदत म्हणजे शेजारचा प्रवासीच. पोलीस आणि अँब्युलन्स यायला वेळ लागतोच. म्हणून थोडं शिकून ठेवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड, नाहीच तर ओढणी किंवा गमछा जखमेवर घट्ट दाबून धरा. कापड भिजलं तर काढू नका, त्यावर दुसरं ठेवा. जखमेत काही रुतलं असेल तर ते उपसू नका, त्याच्या बाजूनं दाबा. स्फोटानंतर तिथं गर्दी करून व्हिडिओ काढत थांबू नका. आणि घरच्यांनो, अशा वेळी नेटवर्क कोलमडतं. फोनवर फोन करण्यापेक्षा एक मेसेज टाका.

बेवारस बॅग दिसली तर हात लावू नका. दूर व्हा, इतरांनाही दूर करा, रेल्वे पोलिसांना सांगा किंवा १३९ लावा. बसस्टँडवर असाल तर ११२. पण संशय बॅगेवर घ्या, कोणाच्या टोपीवर, दाढीवर किंवा नावावर नाही. २००६ च्याच खटल्यात २०१५ साली १२ जणांना शिक्षा झाली, आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं आरोप सिद्ध झाले नाहीत म्हणून सगळ्यांना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. आता सांगा, ज्यांची माणसं गेली त्यांनी १९ वर्षांनी काय समजायचं? पुरावा कच्चा राहिला, तर न्याय त्यांनाही मिळत नाही.

शेवटचा मुद्दा. दुसऱ्याच दिवशी लोकल भरून धावल्या, की आपण ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून टाळ्या वाजवतो. धीर असतोच हो, नाही कसा! पण कामावर गेलं नाही तर रोज बुडतो, हेही खरं असतं. त्या स्फोटांतला एक जखमी जुलै २०१५ मध्ये वारला, नऊ वर्षं अंथरुणाला खिळून. त्याच्या घरच्यांसाठी ११ जुलै एका दिवसात संपला नव्हता. कौतुक करायचं तर करा, पण त्या कौतुकाखाली उपचार, भरपाई आणि स्टेशनवरच्या बंद पडलेल्या तपासणी यंत्रांचे प्रश्न झाकले जाऊ देऊ नका. ते प्रश्न विचारणं हेसुद्धा साध्या माणसाचंच काम आहे.

तर पुढच्या वेळी बडनेऱ्याहून गाडीत बसाल, तेव्हा समोरच्या प्रवाशाशी दोन शब्द बोला. वेळ आलीच तर तोच आपल्या कामी येणार आहे, आणि आपण त्याच्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.