नाण्यांचे छायाचित्रण : प्रकाश आणि छटा



विहीर खणताना, शेत नांगरताना किंवा जुन्या वाड्याचा पाया उकरताना नाण्यांनी भरलेले मडके सापडल्याच्या वार्ता महाराष्ट्राला नव्या नाहीत. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये अशा निधीची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे, ज्याला तो सापडला त्याच्यावर बंधनकारक आहे. परंतु नाणी तज्ज्ञांच्या हाती पडण्यापूर्वी त्यांची पहिली नोंद गावातच होते; आणि आज ती बहुधा मोबाईल फोनवर घेतलेल्या छायाचित्राची असते. ते छायाचित्र कोणत्या प्रकाशात घेतले गेले, यावर त्या नोंदीचे मोल ठरते.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेला साठा या दृष्टीने उद्बोधक आहे. क्षहरात राजा नहपान याच्या तेरा हजारांहून अधिक रौप्य नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटविले होते : एका बाजूस तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केला, या नाशिकच्या शिलालेखातील विधानास या नाण्यांनी भक्कम आधार दिला. मात्र नव्या ठशाखालून डोकावणारी नहपानाच्या मुखाची कड आणि जुन्या अक्षरांचे अवशेष अत्यंत सूक्ष्म असतात. समोरून पडलेल्या झगझगीत प्रकाशात ते पार लोपतात.

याचे कारण सोपे आहे. उठाव कळतो तो सावलीमुळे. भर दुपारी नांगरलेले शेत सपाट भासते. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र प्रत्येक सरी उठून दिसते. नाण्याचेही तसेच आहे. म्हणून फ्लॅश बंद ठेवावा. नाणे खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा ठिकाणी ठेवून प्रकाश डाव्या वरच्या बाजूने तिरपा येऊ द्यावा. विरुद्ध बाजूस पांढरा कागद उभा केल्यास गडद सावल्या सौम्य होतात. प्रकाश वरूनच येतो असे आपली दृष्टी गृहीत धरते. त्यामुळे तो चित्राच्या खालच्या बाजूने आल्यास उठावाची अक्षरे खोदल्यासारखी दिसून वाचकाची फसगत होते. अक्षरे झिजलेली असल्यास प्रकाशाची दिशा बदलून दुसरे छायाचित्र घ्यावे.

छटेचा प्रश्न याहून नाजूक आहे. चकचकीत चांदीवरील तेजामुळे तपशील नाहीसा होतो, तर काळवंडलेल्या तांब्यावर तो अंधारात बुडतो. पांढऱ्या कागदावर ठेवलेले काळे शिवराई नाणे छायाचित्रात अधिकच काळे येते, कारण कॅमेरा भोवतालच्या पांढरेपणावरून प्रकाशाचे प्रमाण ठरवितो. मध्यम करड्या रंगाची पार्श्वभूमी हा यावरील साधा उपाय होय. पूर्वी ग्रंथांतील चित्रांसाठी पुष्कळदा नाण्यांचे प्लॅस्टरचे साचे काढून त्यांचीच छायाचित्रे घेत. त्यामुळे उठाव सुस्पष्ट दिसे, परंतु धातूची मूळ छटा हरपत असे. तांब्यावरील हिरवट थर, चांदीवरील काळिमा यांवरून नाण्याची अवस्था कळते. ती छटा जशीच्या तशी नोंदली जावी. नंतर चित्र अकारण उजळ किंवा भडक करू नये.

याच कारणास्तव छायाचित्रापूर्वी नाणी चिंच, राख वा लिंबाने घासणे सर्वस्वी टाळावे. घासण्याने नाणे चमकते. पण त्याबरोबर अक्षरांची धार आणि जुना थरही जातो, आणि तो पुन्हा आणता येत नाही.

प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजू, शेजारी मोजपट्टी, तसेच सापडल्याचे ठिकाण व दिनांक एवढी नोंद कोणत्याही ग्रामपंचायतीस करता येईल. शिक्षकांनी ही पद्धत विद्यार्थ्यांना आजच्या चलनी नाण्यांवर शिकविल्यास, उद्या एखाद्या शेतात मडके निघेल तेव्हा त्याची विश्वसनीय नोंद करणारे हात गावातच तयार असतील.