मिनेसोटातील सोमाली पालक आणि गोवराची लस

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सोमालियातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील एकत्रित लस २००४ मध्ये तेथील दोन वर्षांच्या ९२ टक्के सोमाली मुलांनी घेतलेली होती. २०१४ पर्यंत हे प्रमाण ४२ टक्क्यांवर घसरले.

लसीकरणाला सरसकट विरोध मात्र नव्हता. धास्ती होती ती या एका लशीची: तिच्यामुळे मूल स्वमग्न होते, बोलेनासे होते. म्हणून मूल बोलू लागेपर्यंत थांबू, असे अनेक आया ठरवत. राज्यातील मिनिआपोलिस शहरात स्वमग्न मुलांच्या विशेष वर्गांत सोमाली मुले जास्त दिसतात, अशी चर्चा २००८ च्या सुमारास सुरू झाली होती. लसविरोधकांनी ती नेमकी हेरली. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्डही या पालकांना येऊन भेटले; लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा त्यांचा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला होता, तरीही.

२०१७ मध्ये गोवराची साथ आली. ७५ रुग्णांपैकी बहुतेक लस न घेतलेली सोमाली मुले होती. मग इमाम आणि सोमाली बोलणारे आरोग्यसेवक पालकांशी बोलू लागले. साथीच्या त्या महिन्यांत लस घेणाऱ्यांची संख्या वाढली.