पूरबोटीचे शिल्लक इंधन : साठवण व तपासणी



सातपूरच्या उत्तरेस गोदावरी आहे आणि औद्योगिक वसाहतीजवळून नासर्डी वाहते. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की नाशिककरांचे लक्ष दुतोंड्या मारुतीकडे लागते. मूर्तीवर पाणी कुठवर चढले, यावरून पुराचा जोर ओळखण्याची येथील जुनी रीत आहे. 1969, 2008, 2016 आणि 2019 चे पूर येथील लोक विसरलेले नाहीत. अशा वेळी बचावाची मोटारबोट उपयोगी पडते. परंतु ती वर्षातील बहुतेक काळ उभी असते, आणि गेल्या पावसाळ्यातील पेट्रोलही टाकीत तसेच राहते.

पेट्रोल हे धान्यासारखे टिकत नाही. हवेशी संयोग होऊन त्यात चिकट राळ तयार होते व ती कार्ब्युरेटरची बारीक छिद्रे बुजविते. आज पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलसह तळाशी बसते. टाकीची नळी तळातूनच इंधन ओढते. परिणामी इंजिन ऐन प्रवाहात बंद पडते.

तपासणी सोपी आहे. थोडे इंधन स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर, गढूळपणा, काळपट रंग किंवा आंबूस वास आढळल्यास ते बोटीत वापरू नये. टू-स्ट्रोक इंजिनासाठी ऑइल मिसळलेले पेट्रोल मुळातच रंगीत दिसते. म्हणून डब्यावर खरेदीची तारीख व मिश्रणाचे प्रमाण लिहिणे अगत्याचे आहे.

साठवणीतही दक्षता हवी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असून जमिनीलगत पसरते. यास्तव घट्ट झाकणाचा योग्य डबा हवेशीर, सावलीच्या जागी, ठिणगीपासून दूर ठेवावा. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना एकूण 30 लिटरपर्यंतच ठेवता येते. खराब इंधन गटारात किंवा मातीत ओतू नये. ते घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे सोपवावे.

उत्तम उपाय म्हणजे पेट्रोल साठू न देणे. ऑइल न मिसळलेले ताजे पेट्रोल हंगाम संपताच कार्यालयाच्या वाहनात वापरून टाकावे, टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत आणि मे अखेरीस नवे पेट्रोल भरून, शीतकरणासाठी पाणी देऊन, इंजिन चालवून पाहावे. त्या चाचणीची नोंद वहीत व्हावी व पंचायत सदस्यांनी ती स्वतः पाहावी.