मुलांना कामाला कसे बोलवावे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत, अंबाजोगाई येथे केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवी इयत्तेपर्यंत झाले. चिटणीसबाई म्हणाल्या, "काकू, या वर्षी चार शब्द तुम्हीच बोला," म्हणून उभी राहिले आहे. शिकलेल्या भगिनींना यात नवे असे काही मिळणार नाही. घर चालवणाऱ्या बाईच्या ध्यानात जे येते तेवढेच मी सांगणार आहे. ते गोड करून घ्यावे.

आपल्या बैठकीत चहा फिरू लागला की एक विषय हमखास निघतो. आजकालची मुले काही कामाची नाहीत, हातात मोबाईल आणि पाय टपरीकडे, असे आपण म्हणतो आणि कपबशा उचलतो. मला एक साधी गोष्ट विचारावयाची आहे. आपल्यापैकी कितीजणींनी या मुलांना नाव घेऊन, अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक कामाला ये, असे सांगितले आहे? हळदीकुंकवाचे बोलावणे आपण उंबरठ्यावर जाऊन करतो. समाजाच्या कामाचे बोलावणे मात्र आपण भिंतीवर चिकटवतो आणि कोणी आले नाही म्हणून रागावतो.

काम नाही असे तर मुळीच नाही. आपला बीड जिल्हा ऊसतोडणी कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळी झाली की गावेच्या गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. भांडीकुंडी, शेळी आणि धाकटे लेकरू ट्रॉलीत घालून माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्याच्या वाटेला लागतात. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेची मुले. आपल्या गावाच्या कडेच्या वस्त्यांतही अशी घरे आहेत. सरकारने हंगामी वसतिगृहे काढली, तेथे मुलांच्या पोटाची सोय होते. पण संध्याकाळी पाढे कोणी म्हणवून घ्यावेत? आजीची गोळी कोणती सकाळची आणि कोणती रात्रीची, हे कोणी वाचून सांगावे? मुलगी वयात आली की तिला कोणाच्या भरवशावर ठेवावे, हा घोर आईबापांना लागतो आणि मग तिचे लग्न उरकले जाते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या जिल्ह्यातील २० ते २४ वर्षांच्या दर १०० स्त्रियांपैकी ४३ हून अधिक जणींचे लग्न अठरा पुरी होण्याआधीच झालेले दिसून आले. हा आकडा ऐकला तेव्हा मला तो पुस्तकातला वाटला नाही. त्यातल्या कितीतरी मुली मला नावानिशी माहीत आहेत.

माझेच सांगते. आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंत होती. पुढची शाळा पाच किलोमीटरवर, मध्ये ओढा आणि माळ. मास्तर घरी येऊन म्हणाले, पोरगी हुशार आहे, तिला पुढे शिकवा. वडिलांची ना नव्हती. पण सोबतीला कोणी नव्हते. सोबत नाही एवढ्याच कारणाने माझी शाळा सुटली. त्या वेळी गावातली दोन-चार मोठी मुले-मुली रोज सकाळी लहान मुलींना घेऊन त्या वाटेने गेली असती, तर त्यांना काय पडले असते? एक पैसाही नाही. समाजसेवा हा शब्द फार मोठा वाटतो, पण पुष्कळ वेळा ती एवढीशीच असते.

आपल्या भागातील तरुण कधी मागे राहिले, असे इतिहास सांगत नाही. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर स्वामी रामानंद तीर्थ आपल्या याच गावी, योगेश्वरी शाळेत, शिकवावयास आले होते. पुढे त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले आणि शाळा-कॉलेजातली मुले त्यांच्या हाकेसरशी बाहेर पडली. १७ सप्टेंबर १९४८ चा दिवस आपण त्यामुळे पाहिला. संत गाडगेबाबांनी तर हाक मारण्याची रीतच शिकवली. ते गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. आधी रस्ता झाडत, मग रात्री कीर्तनाला उभे राहत. "तुम्ही झाडा" असे म्हणण्याआधी त्यांचे झाडून झालेले असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होते. आमच्या खेड्यातल्या मोठ्या मुलांनी घरोघर फिरून भाकरी गोळा केल्या, फडक्यात बांधल्या आणि मिळेल त्या वाहनाने तिकडे नेल्या. त्यांना कोणी भाषण दिले नव्हते.

कोणी म्हणेल, संकट आले की माणसे धावतातच, एरवी काय? तर त्याचेही उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. २०१५-१६ चा दुष्काळ आपण विसरलेलो नाही. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली. साऱ्या महाराष्ट्रातून त्यासाठी तीनच तालुके निवडले होते: अमरावतीचा वरूड, साताऱ्याचा कोरेगाव आणि आपला अंबाजोगाई. तिन्ही मिळून ११६ गावांनी भाग घेतला. पहिले बक्षीस कोरेगावच्या वेळू गावाने नेले, तरी आपल्या खापरटोनचे नावही बक्षिसात आले. दोनच वर्षांनी, २०१८ साली, ७५ तालुक्यांतील चार हजारांवर गावे या कामात उतरली, आणि १ मेच्या महाश्रमदानाला शहरातली मुले खेड्यात येऊन कुदळ धरू लागली.

मी त्या वेळी माहेरच्या गावी चार दिवस टोपली उचलून आले. मला जे नवल वाटले ते कामाचे नव्हे, त्या मुलांचे वाटले. ज्यांना घरात पाण्याचा तांब्या उचलायला सांगावे तर ऐकू येत नाही, तीच मुले पहाटे पाचला उठून माळावर हजर! मी पुष्कळ विचार केला की असे का झाले असावे. मला चार कारणे दिसली.

पहिले, कामाला मुदत होती. पंचेचाळीस दिवस म्हणजे पंचेचाळीस दिवस. जन्मभर सेवा करा असे कोणी म्हटले नव्हते. दुसरे, आधी शिकवले गेले. गावातील निवडक माणसे, त्यांत बायकाही, प्रशिक्षणाला जाऊन आली. दोन पट्ट्यांना पाण्याची नळी बांधून जमिनीची समपातळी कशी काढावी, चर कोठे खणावा, दगडी बांध कसा रचावा, हे त्यांनी शिकून घेतले आणि बाकीच्यांना शिकवले. आपण काहीतरी जाणतो, याचा मुलांना फार आनंद असतो. तिसरे, काम मोजले जाई. आज किती खणले हे संध्याकाळी कळे. आणि चौथे, थोरली माणसे बाजूला उभी राहून सांगत नव्हती, तीही चरात उतरली होती. सासरा खणतो आणि सून माती ओढते, असे मी तेथे पाहिले. मोठी कामे यंत्राने झाली हे खरे, पण यंत्र यायच्या आधी गाव एकत्र आले. गाव करी ते राव न करी, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होते. त्या उन्हाळ्यात ती डोळ्यांनी पाहिली.

२०२० च्या टाळेबंदीतही आपल्या गल्लीने हेच पाहिले. तोंडाला रुमाल बांधून याच मुलांनी म्हाताऱ्यांची औषधे आणली, दारात भाजी ठेवली. त्या एप्रिलमध्ये ऊसतोडीची माणसे गावी परतली आणि त्यांना गावाबाहेर शाळेत ठेवले, तेव्हा कित्येक गावांत डबे पोचवणारी तरुण मुलेच होती. ते संपले आणि आपण त्यांना पुन्हा "बिनकामाची" म्हणू लागलो. एकदा उजळलेला दिवा आपणच फुंकर घालून विझवला, असे मला वाटते.

आता लोकांच्या शंका. त्या खोट्या नाहीत.

पहिली शंका मुलांचीच. "काकू, आम्हाला नोकरी नाही, आणि तुम्ही फुकट राबायला सांगता." हे बोल जिव्हारी लागतात, कारण ते खरे आहेत. म्हणून माझे असे मत आहे की जेथे मजुरी द्यावयाची ते काम सेवेच्या नावाखाली कोणाकडूनही करून घेऊ नये. रोजंदारीवर जाणाऱ्या मुलाला त्याचा रोज बुडवून बोलावू नये. आठवड्यातून दोन तास मागावेत, तेही त्याच्या सवडीने. मोबदला म्हणून नव्हे, पण एक गोष्ट मात्र सांगते. चार माणसांशी बोलणे, हिशेब ठेवणे, वेळ पाळणे ही विद्या दुकानात मिळत नाही, ती असल्याच कामात मिळते.

दुसरी शंका आयांची. "मुलाला पाठवीन, मुलीला कशी पाठवू?" यावर मंडळानेच उपाय करावयास हवा. काम दिवेलागणीला असेल तर आपल्यापैकी एक जण तेथे बसेल, आणि मुलीला घरापर्यंत पोचवून येईल. आपण एवढे केले तर कोणतीही आई नाही म्हणणार नाही. आपल्या गावात शैलाताई लोहियांनी मनस्विनीच्या कामातून गांजलेल्या बायकांना आधार दिला. त्या गावच्या मुली घरात कोंडून राहाव्यात हे शोभत नाही.

तिसरी शंका पुढारीपणाची. दोन खड्डे खणले की फलक लागतो, फोटो येतो, निवडणूक आली की मुले पळवली जातात. आपल्या कामात फलक नको आणि हार नको. ज्याने काम केले त्याचे नाव सभेत घ्यावे, एवढे पुरे.

चौथी शंका अभ्यासाची. ती मला फारशी पटत नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली. तिच्यात कॉलेजची मुले वर्षाला १२० तास समाजाचे काम करतात आणि परीक्षाही देतात. काही मुले केवळ प्रमाणपत्रासाठी येतात असे हसून म्हटले जाते. येऊ द्या. कशासाठी आला यापेक्षा येऊन काय पाहिले याला महत्त्व आहे. बाबा आमट्यांनी १९६७ साली सोमनाथला तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तेथे कितीतरी मुले सुट्टी घालवायला म्हणून गेली आणि जन्माचे काम घेऊन परतली. आपल्याच जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातील आर्वीला दीपक व कावेरी नागरगोजे यांनी ऊसतोड कामगारांच्या आणि निराधार मुलांसाठी शांतिवन उभे केले. गेवराईला संतोष गर्जे यांनी अनाथ मुलांसाठी घर काढले. ही माणसे काम सुरू केले तेव्हा आपल्या दाराशी उभ्या असलेल्या मुलांएवढीच तरुण होती. सर्वांनी एवढे मोठे करावे असे मी म्हणत नाही. पण बीडच्या मातीत हे पीक येते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आता बोलणे पुरे, कामाचे सांगते. मंडळाची ही खोली संध्याकाळी सहा ते आठ रिकामी असते. दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत येथे रोज अभ्यासवर्ग चालावा, असा ठराव मी मांडते. ज्यांचे आईबाप तोडीला गेले आहेत त्या मुलांनी येथे यावे. एका मुलाने किंवा मुलीने आठवड्यातून एकच संध्याकाळ द्यावी. दर संध्याकाळी दोघे असावेत, म्हणजे सहा दिवसांना बारा जण पुरतात. खोलीची किल्ली त्यांच्याकडे द्यावी. वही त्यांनी ठेवावी. कोण मूल आले, कोण आले नाही, कोणाचा कितवा पाढा झाला, हे त्यांनी लिहावे. जे मूल दोन दिवस दिसले नाही त्याच्या घरी जाऊन यावे. आपण बायकांनी पाळीपाळीने एकीने बसावे, शेंगदाणे-गुळाचा डबा ठेवावा आणि शिकवण्यात तोंड घालू नये. शेवटचे फार अवघड आहे हे मी जाणते!

आणि भगिनींनो, मुलांना बोलावताना "जरा समाजासाठी काही करा" असे मोघम सांगू नका. सांगा, "बुधवारी सहाला ये, तिसरीच्या चार मुलांना बेरीज येत नाही, ती तुला शिकवायची आहे." आल्यावर त्याला वाट पाहायला लावू नका. काम झाले की झाले म्हणा, उणे काढू नका. एखाद्या वेळी तो आला नाही तर घरी जाऊन विचारपूस करा, चारचौघांत बोलू नका.

दाराशी उभ्या असलेल्या मुलांनो, तुम्ही आत या. येथे सतरंजीवर जागा आहे. तुम्हाला कोणी थोर व्हा म्हणत नाही. या गावात एक सात वर्षांची मुलगी अशी असेल, जिची आई सहा महिने फडावर आहे आणि जिला "आज शाळेत काय शिकलीस?" असे विचारणारे घरात कोणी नाही. तुम्ही आठवड्यातून एकदा ते विचारावे, एवढेच आमचे मागणे आहे. ती मुलगी सातवीच्या पुढे गेली, तर त्यात तुमचाही वाटा असेल.

वही आणि पेन टेबलावर ठेवले आहे. ज्यांना वार घ्यावयाचा आहे त्यांनी जाण्यापूर्वी आपले नाव लिहावे. सोमवारच्या पुढे पहिले नाव माझ्या घरच्या मुलीचे आहे, ते तिने आपणहून लिहिले आहे. बाकीचे अकरा रकाने मोकळे आहेत.