भाजीवाल्याची अटक

दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना आसरा देणाऱ्यांची गोष्ट बहुधा एखाद्या शूर माणसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती अपुरी वाटते. माणसाला माळ्यावर चढवणे हे एका रात्रीचे धाडस झाले. त्याला दोन वर्षे जेवू घालणे हे वेगळेच काम होते आणि ते एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नव्हते. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये ब्रेड, बटाटे, लोणी सारे शिधापत्रिकेवर मिळे. लपलेला माणूस कागदोपत्री नाहीसाच झालेला असे आणि त्याचा शिधाही त्याच्याबरोबर जाई. म्हणजे आसरा देणाऱ्याच्या घरात तोंडे वाढत, पिशवी तेवढीच राही. अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रिन्सेनग्राख्टवर, अ‍ॅन फ्रँकच्या लपण्याच्या जागेत, अशी आठ तोंडे होती. मीप गीस त्यांच्यासाठी बाजार करी, तिचा नवरा यान शिधाकुपने मिळवून आणी. लपण्याआधीच त्या आठांपैकी व्हान पेल्स यांनी मीपला आपल्या ओळखीच्या खाटकाकडे सोबत नेले होते. का, हे तेव्हा सांगितले नव्हते. पुढे खाटीक तिचा चेहरा ओळखून मांस देऊ लागला. भाजीवाला व्हान हूव्हे काही न विचारता जड पिशव्या भरून देई. 1944 च्या मे महिन्यात त्याला अटक झाली, कारण त्याने स्वतःच्या घरात दोन ज्यूंना लपवले होते. त्या दिवशीची अ‍ॅनची डायरीतली नोंद पाहावी: आता न्याहारी बंद, दुपारी लापशी आणि ब्रेड, रात्री बटाटे. एका दुकानदाराला नेले आणि आठ माणसांच्या ताटाला कात्री लागली. आसऱ्याचा खरा आधार कुठे होता, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

म्हणूनच 1942 च्या अखेरीस उभ्या राहिलेल्या गुप्त मदत संघटनेला कुपनांची विवंचना पहिल्यापासून होती, आणि शिधावाटप कचेऱ्यांवर सशस्त्र दरोडे घालायला वेगळी पथके निघाली. या लढ्यात पिस्तुले रोखली गेली ती ब्रेडच्या कुपनांसाठी.

यावर एक रोकडा आक्षेप येतो. सामान्य माणसे इतकी कामाची होती, तर हॉलंडमधल्या सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक मारले कसे गेले? पश्चिम युरोपात इतके मोठे प्रमाण दुसरीकडे नाही. आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तरही सामान्य माणसांतच सापडते. तिथली लोकसंख्या नोंदणी अतिशय चोख होती. याकोब लेंट्स या अधिकाऱ्याने बनावट करणे महाकठीण होईल असे ओळखपत्र तयार केले. तो क्रूर होता म्हणून नव्हे, तर काम उत्तम व्हावे या हौसेने. कार्डे नीट लावणारा कारकूनही रोज वेळेवर कचेरीत येणाराच माणूस होता. 27 मार्च 1943 रोजी विलेम अरोन्डेउस आणि त्याच्या साथीदारांनी अ‍ॅमस्टरडॅमची नोंदणी कचेरी पेटवली. कार्डांचा एक भागच जळाला आणि बाराजणांना गोळ्या घातल्या गेल्या. साधेपणा कोणालाच आपोआप चांगल्या बाजूला नेत नाही. फरक पडला तो आपल्या रोजच्या कामात कोणी ठरवून ढिलाई केली आणि कोणी नाही, एवढ्याने.

दुसरा आक्षेप पैशाचा. काही घरांनी आसऱ्यासाठी पैसे घेतले, काहींनी बेसुमार घेतले. हे झाकण्यात अर्थ नाही. पण काळ्या बाजारातून दोन माणसांचे अन्न आणायचे तर गरीब घराने पैसे कुठून आणावे? शिवाय निव्वळ पैसाच हवा असेल, तर सोपी वाट उघडी होती. 1943 मध्ये लपलेल्या ज्यूंचा माग काढणाऱ्या हेनेकेच्या टोळीतल्यांना पकडून दिलेल्या दर माणसामागे साडेसात गिल्डर मिळत, घरात कोणाला ठेवून घेण्याचा धोका न पत्करता. जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था 1963 पासून अशा मदतगारांचा गौरव करते. मोबदल्याच्या अटीवर दिलेला आसरा ती धरत नाही. खाण्यापिण्याच्या खर्चापोटी घेतलेले पैसे मात्र आड येऊ देत नाही. हिशेब असाच व्हायला हवा, असे माझे मत आहे.