लस घेऊनही आजार का होतो?
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची विश्वस्तांनी आज्ञा केली. आम्ही डॉक्टर नव्हे; शाळेत विज्ञान शिकविणारे मास्तर. तथापि एक प्रश्न आम्हाला वर्गात, मशिदीच्या पायऱ्यांवर आणि लग्नाच्या पंक्तीतही विचारला जातो : “मास्तरसाहेब, लस घेतली, करोना एकदा होऊनही गेला, मग पुन्हा झालाच कसा?” त्यामागोमाग एक विधान येते, ते अधिक घातक आहे : “लशीमुळेच हे नवे प्रकार निघाले.”

या विधानाचे उत्तर आपल्या शेजारीच आहे. बऱ्हाणपुराहून धारणी-परतवाड्याच्या वाटेने मेळघाट ओलांडला की अमरावती. फेब्रुवारी 2021 मध्ये तेथे रुग्ण एकाएकी वाढले आणि टाळेबंदी लावावी लागली. 24 मार्च 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, महाराष्ट्रातील सुमारे 15 ते 20 टक्के नमुन्यांत विषाणूचे दोन बदल एकत्र आढळले आहेत. त्याच कुळाची एक शाखा पुढे ‘डेल्टा’ म्हणून जगभर गेली. त्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्यापैकी कोणाच्या घरी काय घडले, ते येथे सांगावयास नको. आता तारखा पाहा. डेल्टाचे सर्वांत जुने नमुने भारतातील, ऑक्टोबर 2020 चे. आपल्याकडे लसीकरण सुरू झाले 16 जानेवारी 2021 रोजी. लशीपूर्वी जन्मलेल्याचे पाप लशीच्या माथी कसे मारावयाचे?

मग हे बदल होतात कसे? विषाणूला अक्कल नाही. तो स्वतःच्या नकला काढतो आणि नक्कल करताना चुका होतात. बहुतेक चुका वाया जातात. एखादी त्याच्या पथ्यावर पडते. त्याच्या अंगावर काटे असतात आणि आपली प्रतिपिंडे त्याला त्या काट्यांवरूनच ओळखतात. बाजारातील जाणता माणूस लुगडे किनारीवरून ओळखतो. किनारीचे धागे बदलले तर तोही चकतो. काट्यातील 1,273 घटकांपैकी 452 व्या आणि 484 व्या जागेवरचे बदल अशाच किनारीतले होते. (डेल्टात यांपैकी पहिलाच होता, त्याचे खरे बळ वेगाने पसरण्यात होते.) नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेकडून कळलेल्या ‘ओमायक्रॉन’च्या काट्यात मात्र तीसहून अधिक बदल होते. प्रतिपिंडांनी ओळखावे तरी किती?

“गोवराची लस लहानपणी घेतली की जन्माची निश्चिंती, मग हिलाच वारंवार का?” असे पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. गोवराच्या विषाणूने आपली किनार बदलली तर त्याला पेशीत शिरणेच अवघड होते. करोनाचा काटा मात्र पुष्कळ बदल सोसूनही कामाचा राहतो. शिवाय काही महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे आपोआप कमी होतात.

परंतु प्रतिपिंडे म्हणजे केवळ दारावरचा पहारा. घरात ‘टी’ पेशी असतात. त्या अख्खा काटा पाहत नाहीत. विषाणूचे अनेक लहान तुकडे लक्षात ठेवतात. त्यांतील बहुतेक तुकडे ओमायक्रॉनमध्येही जुनेच राहिले. म्हणून पुष्कळांना संसर्ग झाला, पण लस घेतलेल्यांत आजार जिवावर बेतण्याचे प्रमाण बरेच कमी राहिले. वृद्धांची आणि मधुमेह्यांची ही आतली फौज दुबळी असते. जादा मात्रेत त्यांना अग्रक्रम दिला जातो तो याचसाठी.

खोटे कशाला बोलावे, 2020 च्या हिवाळ्यात तापातून उठल्यावर आम्हीही शिक्षकखोलीत म्हटले होते, “आता आम्हाला लस कशाला?” अम्मीजानांनी मात्र मुकाट्याने दोन्ही मात्रा घेतल्या, आम्हालाही ओढून नेले. जानेवारी 2022 मध्ये घरात सर्वांनाच ताप आला. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, त्यात साखर. तीन दिवस त्या पडून होत्या. चौथ्या दिवशी चहा मागितला आणि साखर कमी घातल्याबद्दल सुनेला बोलल्या. एप्रिलअखेरीस तिसरी मात्रा घ्यावयास त्या आमच्या आधी तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या.