केचिकनचा पाऊस

अलास्काच्या किनाऱ्यानें सहलीला निघालेल्या आगबोटी सिॲटल अगर व्हँकूव्हर सोडून उत्तरेकडे आल्या, म्हणजे बहुधा केचिकन येथें थांबतात. मुक्काम कसला, सहा-आठ तासांची उसंत! तेवढ्यांत अरण्य पाहावें, नशिबीं असल्यास अस्वल पाहावें आणि भोंगा होण्यापूर्वीं परतावें, असा प्रवाशांचा बेत असतो. गांवाची वस्ती आठ हजारांच्या आसपास. पण भर उन्हाळ्यांत एकाच दिवशीं त्याहून अधिक पाहुणे धक्क्यावर उतरतात, आणि उतरतां उतरतांच बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते. कारण पाऊस चालू असतो.

एवढा पैका खर्चून यावें आणि डोंगर ढगांत बुडालेले दिसावे, याचा विषाद कोणासहि वाटेल. गांवकऱ्यांस मात्र त्याचें कांहींच वाटत नाहीं. त्यांनीं धक्क्याजवळ एक उंच फलक उभारून त्यावर पावसाचे आंकडे मांडले आहेत, आणि पावसाला ‘पातळ ऊन’ अशा अर्थाचें विनोदी नांव दिलें आहे. वर्षाची सरासरी दीडशें इंचांच्या घरांत. १९४९ सालीं तर २०० इंचांची मर्यादा ओलांडली गेली. महाबळेश्वरास याहून अधिक पडतो हें खरें, पण तो चार महिन्यांत आपलें काम उरकून जातो. येथील पाऊस बारमाही. महासागरावरून येणारे ओले वारे किनाऱ्यालगतच्या डोंगरांस अडतात, वर चढतांना थंड होतात आणि तेथेंच रिते होतात. म्हणून केचिकनचा रहिवासी सहसा छत्री घेत नाहीं. रबरी बूट चढवून कामास लागतो. छत्री दिसली कीं पाहुणा ओळखावा.

वाटाड्या मंडळींस मोटारीनें गांवाबाहेर नेऊन अरण्याच्या पायवाटेवर सोडतो. टोंगास नांवाचें हें राष्ट्रीय अरण्य १९०७ सालीं स्थापन झालें. त्याचा विस्तार सुमारें १ कोटी ६७ लक्ष एकर असून अमेरिकेंत याहून मोठें राष्ट्रीय अरण्य नाहीं. आंत शिरतांच पावसाचा आवाज बदलतो. सिट्का स्प्रूस व हेमलॉक यांचीं उंच खोडें डोक्यावर छत धरून असतात. पाऊस थेट अंगावर न येतां पानांवरून, शेवाळावरून, फांद्यांना दाढीसारख्या लोंबणाऱ्या दगडफुलाच्या भाईबंदांवरून झिरपत येतो. वर सर थांबली तरी खालीं ठिबकणें चालूच राहतें. दलदलींत हातभर पानांची एक उग्र वासाची वनस्पति दिसते. ती अळूच्याच कुळांतील आहे, हें मराठी माणसास तिचीं पानें पाहून सहज पटेल.

वाटाड्या बहुधा एका आडव्या पडलेल्या ओंडक्यापाशीं थांबतो. मृत वृक्षाच्या कुजत चाललेल्या, पाण्यानें फुगलेल्या अंगावर कोंवळ्या रोपांची रांग उभी असते. जमिनीवरील दाट शेवाळांत ज्या बीजाचा निभाव लागला नसता, त्याला या ओंडक्यावर ओल व आधार दोन्ही मिळतात. पुढें ओंडका झिजून नाहींसा होतो आणि त्यावर वाढलेला वृक्ष पोकळ जागेवर पाय फांकून उभा राहतो. तीं विचित्र मुळें पाहिल्यावर प्रवाशांचें कुरकुरणें थोडें कमी होतें.

पण खरा हिशेब ओढ्यावर कळतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत सामन मासे समुद्रांतून ज्या ओढ्यांत जन्मले त्यांतच परततात, अंडीं घालतात आणि मरतात. अस्वलें त्यांना ओढून झाडांत नेतात व अर्धवट खाऊन टाकून देतात. त्या मांसांतील नत्र जमिनींत मुरतें. समुद्रांतून आलेलें असें नत्र शास्त्रज्ञांस ओढ्यांकांठच्या वृक्षांत आढळलें आहे. म्हणजे मासा झाडांत जातो म्हणावयाचें! परंतु ओढ्यास पाणी हवें. तें उथळ व उबदार झालें, कीं त्यांतील प्राणवायु घटतो आणि खोळंबलेले मासे अंडीं घालण्यापूर्वींच गुदमरतात.

असें होणार नाहीं, अशी या मुलखाची पूर्वीं खात्री होती. २०१९ सालीं मात्र दक्षिणपूर्व अलास्काच्या कांहीं भागाची नोंद तीव्र अवर्षणांत झाली. केचिकनची वीज मुख्यतः धरणांच्या पाण्यावर चालते. जलाशय उतरल्यामुळें डिझेल जाळून ती निर्माण करावी लागली. फलकावर विनोद रंगविणाऱ्या गांवानें ‘पातळ ऊन’ कधीं येतें म्हणून आभाळाकडे पाहावें, हा प्रकार तेथील वृद्धांसहि नवा वाटला असल्यास नवल नाहीं.

दुसरी खूण बर्फाची. पिवळ्या सीडरचीं मुळें उथळ असतात. हिवाळ्याअखेर बर्फाची दुलई त्यांना थंडीपासून जपते. हवा उबदार होऊन बर्फाऐवजीं पाऊस पडूं लागला, म्हणजे दुलई जाते, आणि मागाहून येणारा कडाका मुळें गोठवून टाकतो. असे वृक्ष चार लक्ष एकरांहून अधिक क्षेत्रांत मेले आहेत. लांकूड सहजीं कुजत नसल्यामुळें त्यांचे पांढुरके सांगाडे कित्येक दशकें उभेच राहतात.

भोंगा होतो. मंडळी चिंब होऊन परततात. कोणाला अस्वल दिसलेलें असतें, बहुतेकांना नसतें. धक्क्यावर फलकासमोर छायाचित्रें निघतात. आगबोट उत्तरेकडे निघाल्यावर पुढील प्रवासांत उतारांवर अधूनमधून ते पांढुरके सांगाडे दिसूं लागतात. वाटाड्याचें बोलणें ज्यांनीं लक्ष देऊन ऐकलेलें असतें, ते कठड्यापाशीं पावसांत थोडा वेळ अधिक उभे राहतात.